खडे बोल आणि सावरणारे मन



समुपदेशन सुरू करणाऱ्या मृणालच्या पत्रातील प्रश्न या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकासमोर कधी ना कधी उभा राहतो. बरा झालेला माणूस पुष्कळदा एखाद्या झोंबणाऱ्या वाक्याचा उल्लेख करतो आणि त्या दिवसापासून आपण सुधारू लागलो असे सांगतो. तसे असेल तर समुपदेशकाने मृदू बोलण्यात वेळ का घालवावा आणि नातेवाइकांना टोमणे मारण्यापासून का अडवावे? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून टीका वाईट आणि प्रेम चांगले असल्या तयार उत्तराने त्याची बोळवण करता येणार नाही. कठोर शब्दानंतर काही माणसे खरोखर सावरतात. परंतु सावरण्याचे काम त्या शब्दाच्या कठोरपणाने केले, असे त्यावरून सिद्ध होत नाही, आणि या दोन गोष्टींची गल्लत झाली की तिची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

बरे होणे ही संज्ञा मानसोपचारात दोन अर्थांनी वापरली जाते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. भास थांबणे, झोप परत येणे, उदासीचा भर ओसरणे, म्हणजेच लक्षणे कमी होणे, हा वैद्यकीय अर्थ झाला. लक्षणे पूर्ण गेली नाहीत तरी आपल्या आयुष्याची सूत्रे पुन्हा हाती घेणे, कामधंदा, नाती आणि दिनक्रम यांत स्वतःची जागा शोधणे, हा दुसरा अर्थ होय, आणि त्याचा आग्रह मुख्यतः आजार भोगलेल्या व्यक्तींनीच धरला. टर्निंग पॉइंटच्या ज्या कथा ऐकू येतात त्या जवळजवळ सगळ्या या दुसऱ्या अर्थाच्या असतात. बोलण्याने भास थांबत नाहीत. अंथरूण सोडून दाढी करून दुकानावर जाऊन बसण्याचे बळ मात्र एखाद्या बोलण्याने मिळू शकते.

या दुसऱ्या अर्थाची मांडणी करणाऱ्यांमध्ये पॅट्रिशिया डीगन यांचे नाव अग्रभागी आहे. अमेरिकेत शाळेच्या शेवटच्या वर्षात असताना, वयाच्या १७ व्या वर्षी, त्यांना स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. हा आजार आयुष्यभराचा आहे, औषधे कायम घ्यावी लागतील, ताण टाळून जमेल तसे दिवस काढावेत, असे त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितले. ही रूढ अर्थाने टीका नव्हती. पण किशोरवयीन मुलीच्या साऱ्या भविष्यावर मारलेली ती फुली होती, आणि कोणत्याही शिवीपेक्षा ती जड होती. डीगन यांनी लिहून ठेवले आहे की त्या शब्दांनी त्यांच्या मनात संताप उसळला, आपण स्वतः डॉक्टरेट मिळवू आणि ही व्यवस्था बदलू असा निश्चय त्या संतापातून झाला. पुढे त्यांनी ड्यूकेन विद्यापीठातून चिकित्सा मानसशास्त्रात, म्हणजे मनोविकारांचे निदान व उपचार यांच्याशी संबंधित शाखेत, डॉक्टरेट मिळवली. कथा येथेच थांबवली तर खडे बोल सुनावणाऱ्यांच्या हाती आयतेच प्रमाणपत्र पडते. परंतु त्याच आजारपणाबद्दल लिहिताना डीगन यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. महिनोन्महिने त्या घरात एका खुर्चीत सिगारेट ओढत बसून असत आणि झोपत असत. आजी रोज येऊन किराणा आणायला बरोबर येतेस का एवढेच विचारी, आणि रोज नकार मिळे. आजीने नकारावर टोमणा मारला नाही, विचारणेही सोडले नाही. एके दिवशी, का ते डीगन यांनाही सांगता येत नाही, होकार गेला. त्या दिवशी त्यांनी दुकानात फक्त सामानाची ढकलगाडी ढकलली, बाकी काही केले नाही. संतापाने दिशा दिली असेल, पण घराबाहेर पडण्याची वाट आजीच्या त्या रोजच्या साध्या प्रश्नाने मोकळी ठेवली होती. कथा पुन्हा सांगताना लोक डॉक्टर लक्षात ठेवतात आणि आजीला विसरतात. (वळणाच्या कथा दोन मिनिटांत सांगून होतात, आजार मात्र तसा वागत नाही.)

मराठी घरांत टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही ही म्हण अशा प्रसंगी हमखास काढली जाते. मंदिरात बसवली जाते ती न फुटलेली मूर्ती. घावासरशी जे दगड दुभंगले त्यांची नोंद कोणी ठेवत नाही. कठोर शब्दाने बरे झालेल्यांची साक्ष याच कारणाने अपुरी ठरते, कारण साक्ष द्यायला फक्त बरे झालेले उरतात. जे उपचार सोडून गेले, ज्यांनी पुन्हा कोणाजवळ मन उघडले नाही, किंवा जे आज हयातच नाहीत, ते त्या वाक्याचा परिणाम सांगायला येत नाहीत. शिवाय बोलणाऱ्याला आपल्या शब्दाने कोण दुखावले हे कळतेच असे नाही. मॉर्टन लीबरमन, अर्विन यालोम आणि मॅथ्यू माइल्स यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या १८ गटांचा अभ्यास करून १९७३ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हे फार स्पष्टपणे दिसते. हे एन्काउंटर गट होते, म्हणजे सहभागींनी एकमेकांशी आडपडदा न ठेवता बोलावे यासाठी जमवलेले गट. ज्या गटांचे नेते आक्रमक, प्रभावी आणि सदस्यांच्या मनाची दारे धडका मारून उघडणारे होते, तेथे मानसिक इजा झालेल्यांचे प्रमाण अधिक आढळले. आणि इजा कोणाला झाली हे नेत्यांपेक्षा शेजारी बसलेल्या सदस्यांनी अधिक अचूक ओळखले. स्वतःच्या स्पष्टवक्तेपणावर खूश असलेल्या प्रत्येक समुपदेशकाने हा निष्कर्ष टेबलाच्या काचेखाली ठेवावा.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात तर कठोर टीकेलाच उपचार मानून पाहिले गेले. चार्ल्स डेडरिक या पूर्वीच्या मद्यासक्त गृहस्थाने १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात सिनॅनॉन ही संस्था स्थापन केली. तेथील मुख्य उपचाराला गेम असे म्हणत. एका व्यक्तीला घेरून सर्वांनी तिच्यावर तुटून पडायचे, तिच्या खोटेपणाचे वाभाडे काढायचे, आणि नंतर पुढच्याचा क्रम. काही हेरॉइनग्रस्त तेथे व्यसनातून बाहेर पडले हे नाकारता येत नाही, आणि त्या यशाच्या बळावर ही रीत इतर अनेक केंद्रांत पसरली. पुढे संस्थेचे रूपांतर एका हिंसक पंथात झाले. १९७८ मध्ये संस्थेविरुद्ध दावा लढणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत विषारी साप ठेवण्यात आला, आणि त्या प्रकरणी अटक झाली तेव्हा डेडरिक स्वतः दारूच्या नशेत होता. एका संस्थेच्या अधोगतीवरून पद्धत खोटी ठरत नाही, असे कोणी म्हणेल, म्हणून विल्यम मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहावा. अतिमद्यपान करणाऱ्यांबरोबरच्या बैठका तपासल्यावर असे दिसले की उपचारक जितका अधिक वाद घालतो आणि चुका दाखवून कोंडीत पकडतो, तितके त्या व्यक्तीचे पिणे वर्षभरानंतर जास्त असते. कारण समजण्यासारखे आहे. कोंडीत सापडलेला माणूस स्वतःच्या बचावाची बाजू बोलू लागतो, आणि जी बाजू माणूस मोठ्याने बोलतो तीच त्याला पटत जाते. मिलर यांची प्रेरणात्मक मुलाखतीची पद्धत नेमकी उलट्या बाजूने जाते. बदलाची बाजू रुग्णाच्या तोंडून यावी अशा रीतीने ती प्रश्न विचारते. पुण्यात १९८६ मध्ये अनिल व डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणासारख्या केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेले लोकच कार्यकर्ते म्हणून उभे राहिले, यालाही येथे महत्त्व आहे, कारण त्यांनी सुनावलेला खडा बोल वरच्या पायरीवरून येत नाही.

घरातील टीकेचा विचार याहून बारकाईने करावा लागतो, कारण रुग्ण समुपदेशकासमोर आठवड्यातून तासभर असतो आणि उरलेला सारा वेळ घरात. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांना १९५० च्या दशकात असे आढळले की इस्पितळातून सुटून आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे गेलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची प्रकृती, खोली भाड्याने घेऊन किंवा भावंडांकडे राहिलेल्यांपेक्षा अधिक वेळा पुन्हा बिघडते. या कोड्यातून व्यक्त भावना ही संकल्पना जन्मली. रुग्णाविषयी बोलताना नातेवाइकाच्या शब्दांतून आणि स्वरातून जे प्रकट होते त्याचे हे मोजमाप. मुलाखत ध्वनिमुद्रित करून तीत टीकात्मक वाक्ये किती, शत्रुत्व आहे काय, अतिगुंतवणूक म्हणजे रुग्णाला तळहाताच्या फोडासारखे जपत त्याचे सगळे स्वतः करणे कितपत आहे, आणि जिव्हाळा किती, हे पाहिले जाते. टीका आणि शत्रुत्व यांतील भेद येथे मोलाचा आहे. 'सकाळी उठत नाही, त्याचा फार त्रास होतो' हे वाक्य चिडक्या स्वरात आले तर टीका होते. 'तो आहेच आळशी, लहानपणापासून कामचुकार' या वाक्यात वागण्याची तक्रार सबंध माणसावर पसरते, आणि ते शत्रुत्वात मोडते.

ब्राउन, बर्ली आणि विंग यांच्या १९७२ च्या अभ्यासात, जेथे अशा भावना तीव्र होत्या त्या घरांतील ५८ टक्के रुग्णांचा आजार नऊ महिन्यांत उलटला, तर इतर घरांत हे प्रमाण १६ टक्के होते. अधिक आजारी माणसाला घरात अधिक बोलणी बसतात, त्यामुळे केवळ आकड्यांवरून टीका हेच कारण असे म्हणता येणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ज्युलियन लेफ यांनी कुटुंबीयांना आजाराची माहिती देऊन घरातील टीका व अतिगुंतवणूक कमी केली तेव्हा आजार उलटण्याचे प्रमाणही घटले, आणि त्या आक्षेपाचा जोर ओसरला. याच मालिकेतील चंदीगडचा अभ्यास भारतीय वाचकाने विशेष लक्षात ठेवावा. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात डॉ. एन. एन. विग आणि लेफ यांना तेथील नातेवाईक लंडनच्या तुलनेत कितीतरी कमी टीका करणारे आढळले, आणि आजार पुन्हा उलटण्याशी ज्या एका घटकाचा संबंध ठळकपणे दिसला तो शत्रुत्वाचा होता. घरातील वैतागाची तक्रार रुग्ण सोसू शकतो. सोसवत नाही ते आपल्या असण्यावरच येणारे दूषण.

नातेवाईक दुष्ट असतात म्हणून असे बोलतात, हा समज मृणालने मनातून काढून टाकावा. भास, संशय, आरडाओरडा हा आजार आहे हे कुटुंबाला पटते. न उठणे, न आंघोळ करणे, शब्द न बोलता भिंतीकडे पाहत राहणे हाही आजारच आहे हे पटत नाही, कारण ते आळसासारखे दिसते आणि आळस मनावर घेतले की सुटतो अशी सर्वांची समजूत असते. ज्या लक्षणावर रुग्णाचा ताबा आहे असे घरच्यांना वाटते त्याच लक्षणावर टीकेचा मारा होतो. प्रस्तुत पत्रलेखकाच्या मते नातेवाइकांना 'टीका करू नका' असे सांगण्यापेक्षा हे एक समजावून देणे अधिक उपयोगी पडते.

मग कधी कधी कठोर शब्दानंतर माणूस उठून उभा कसा राहतो? याचे सर्वांत नीट उत्तर अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून न्यूयॉर्कमध्ये विकसित केलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत सापडते. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ही पद्धत महाराष्ट्रात रुजवली, त्यामुळे मराठी समुपदेशकाला ती परकी नाही. घटना थेट भावना निर्माण करत नाही, मध्ये त्या घटनेविषयीची माणसाची समजूत असते, हे तिचे मूळ सूत्र. एलिस स्वतः शेलक्या शब्दांसाठी प्रसिद्ध होते, पण त्यांचा हल्ला समजुतीवर असे. माणसाच्या वागण्याचे मोल करावे, सबंध माणसाचे करू नये, हा त्यांचा सिद्धांत होता.

आता एक वाक्य जवळून पाहावे: 'तिशी उलटली, अजून बापाच्या जिवावर बसून खातोयस, लाज नाही वाटत?' मराठी घरांत हे वाक्य या ना त्या रूपात ऐकू येतेच. यात पहिली गोष्ट वस्तुस्थितीची आहे, की मुलगा कमावत नाही. दुसरी दडलेली आहे, आणि ती बापाची भीती आहे, की आपल्यामागे याचे काय होणार. तिसरी म्हणजे निकाल, की हा निर्लज्ज आहे. ऐकणारा खचतो तो बहुधा तिसऱ्या गोष्टीने, आणि तीही तो स्वतः आधीपासून मनात तेच बोलत असतो म्हणून. बापाचे वाक्य त्यावर फक्त शिक्का मारते. ज्याच्या बाबतीत हेच वाक्य वळण ठरते, तो माणूस कोणत्या तरी कारणाने पहिल्या दोन गोष्टी उचलतो आणि तिसरी नाकारतो. कधी ते कारण संताप असते, कधी बोलणाऱ्याच्या डोळ्यांतले पाणी दिसलेले असते, कधी औषधांनी डोके इतपत निवळलेले असते की वाक्याचे तुकडे करणे शक्य होते. तीन महिन्यांपूर्वी तेच वाक्य ऐकून तो माणूस जेवणाच्या ताटावरून उठून गेला असता.

ऐकणाऱ्याचा स्वतःविषयीचा निकाल किती निर्णायक असतो, हे रशियन संगीतकार सर्गेई रखमानिनॉव्ह यांच्या उदाहरणावरून दिसते. मार्च १८९७ मध्ये पीटर्सबर्ग येथे त्यांच्या पहिल्या सिंफनीचे वादन साफ पडले. समीक्षक सेझार कुई यांनी लिहिले त्याचा आशय असा, की नरकात संगीत विद्यालय असते आणि तेथील विद्यार्थ्याला इजिप्तवरील सात संकटांवर रचना करायला सांगितली असती तर ती अशीच झाली असती. २३ वर्षांचे रखमानिनॉव्ह त्यानंतर सुमारे तीन वर्षे मोठी रचना करू शकले नाहीत, आणि कुई यांचे नाव त्या नैराश्याला कायमचे चिकटले. परंतु त्याच वर्षी मित्राला लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की अपयशाचा वा समीक्षकांचा परिणाम झालेला नाही. पहिल्याच तालमीनंतर ती रचना आपल्यालाच मुळीच आवडली नाही, हे दुःख आहे. बाहेरची टीका आतल्या टीकेला येऊन मिळाली, आणि तिला उत्तर देणारे आत कोणी नव्हते. १९०० मध्ये मॉस्कोचे डॉक्टर निकोलाय दाल यांनी त्यांना संमोहनसूचना दिल्या. रखमानिनॉव्ह यांच्याच आठवणींनुसार पुढचा कॉन्चेर्टो लिहिला जाईल आणि सहज लिहिला जाईल, एवढेच ते रोज ऐकत. जुन्या सिंफनीची वकिली त्या सूचनांत नव्हती. पुढच्या वर्षी पूर्ण झालेला दुसरा पियानो कॉन्चेर्टो दाल यांना अर्पण केलेला आहे. सिंफनी मात्र रखमानिनॉव्ह यांच्या हयातीत पुन्हा वाजली नाही.

यातून व्यवहारापुरते जे निघते ते मृणालने असे समजावे. समुपदेशकाने कठोर बोलणे वर्ज्य नाही, पण ते वागण्याविषयी असावे, परवानगी विचारून असावे, एका बैठकीत एकच असावे, आणि त्यानंतरची भेट लांबवू नये. तीव्र नैराश्यात अपराधभावना हेच लक्षण असते, म्हणून तेथे असे बोलणे म्हणजे लक्षणालाच खतपाणी घालणे होय. आत्महत्येचे विचार असतील तर कठोर बोलणे कटाक्षाने टाळावे, मनोविकारतज्ज्ञांना त्याच दिवशी कळवावे आणि कुटुंबाला टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्यावा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या २० व्या कलमात शारीरिक छळाबरोबरच शाब्दिक व भावनिक छळापासून संरक्षण हाही रुग्णाचा हक्क मानलेला आहे, तेव्हा कोंडून ठेवून अपमान करणाऱ्या केंद्राची शिफारस 'तेथे माणूस सरळ होतो' या ऐकीव ख्यातीवर कधीही करू नये.

एखादा रुग्ण अमुक टोमण्याने आपल्याला जाग आणली असे म्हणाला तर त्याला खोडून काढू नये. ती त्याची कथा आहे आणि तिच्यावर त्याचा हक्क आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी कोण आले होते, जेवायला कोणी वाढले, औषधे चालू होती काय, हे मात्र विचारावे, कारण आजार पुन्हा डोके वर काढेल तेव्हा त्या माणसांची गरज लागेल.

घरच्यांच्या बैठकीत वडिलांना गप्प बसवू नये. त्यांना त्यांचे नेहमीचे वाक्य उच्चारू द्यावे, त्यातली भीती मुलासमोर वेगळी करून दाखवावी, आणि उरलेली तक्रार एका लहान मागणीत बसवून घ्यावी: सकाळी आठला उठून चहा सर्वांबरोबर घ्यावा, एवढीच. 'दिवसभर लोळत असतो' याऐवजी वडिलांनी ही मागणी स्वतःच्या तोंडाने दोनदा म्हणून पाहावी, आणि मुलाने ती जमेल की नाही हे तेथेच सांगावे. नाही म्हणाला तर नऊची वेळ ठरवावी. चार-सहा दिवसांत वडील पुन्हा जुन्या वाक्यावर येतील, हे गृहीत धरावे आणि त्यांनाही आधीच सांगून ठेवावे. म्हणून अशा कुटुंबाची पुढची भेट महिन्याने न ठेवता आठवड्याने ठेवावी, आणि तीत सर्वप्रथम वडिलांनाच बोलू द्यावे.